ओलं रेझिन आणि लेकीचे हात

मी, खाली सही करणारी, वय बावन्न, शिक्षण चौथी, धंदा फासे ओतणे, असं लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, आणि हे लिहायला मला कोणी जबरदस्तीने बसवलेलं नाही. उलट लेक म्हणते लिहू नकोस आणि वकिलाचा कारकून म्हणतो एवढं लिहू नका. दोघांचं ऐकलं असतं तर कागद कोरा राहिला असता.

मंगळवारी सकाळी मला हॉस्पिटलात दाखल व्हायचं आहे. गर्भाशयात गाठी झाल्या आहेत, म्हणून गर्भाशयच काढायचं ठरलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका हो, मी आठवड्याला अशी सहा करते." त्या सहा करत असतील. माझं पहिलंच आहे. भूल देणार, म्हणजे दोन-तीन तास माझ्या घरात काय चाललंय हे मला कळणार नाही. त्यानंतर पाच दिवस तिथल्या खाटेवर. पोटापेक्षा मला काळजी त्या पाच दिवसांची आहे, आणि खाटेवरून उठलेच नाही तर पुढच्या सगळ्या दिवसांची.

कारण एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते. माझ्यामागे माझ्या लेकीने ओल्या रेझिनला, म्हणजे फासे ज्याचे ओततात त्या पातळ प्लास्टिकला, हात लावता कामा नये. त्यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमं भांडीकुंडी आहेत.

कलम पहिलं. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची खोली, असं जे स्थावर माझ्या नावावर आहे ते माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक लेकीचं. तिचं वय सव्वीस. बँकेत जे असेल तेही तिचंच, आकडा तिला माहीत आहे. तिच्या बापाला काही नाही. तो अठरा वर्षांपूर्वी "जरा जाऊन येतो" म्हणून गेला, त्याचं जरा अजून संपलेलं नाही. आला आणि हक्क सांगायला लागला तर त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं. बसायला खुर्ची देऊ नये. पाणी द्यावं.

इथवर कारकून टाइप करत होता. इथे तो थांबला. "बाई, पाण्याचं वगैरे मृत्युपत्रात लिहीत नाहीत."

"का? माणूस तहानलेला येणार नाही का?"

"तसं नाही, पण कायद्याची भाषा..."

मी कागद ओढून घेतला. आता पुढचं माझ्या हातचं आहे. शुद्धलेखन ज्याला खटकेल त्याने मनात दुरुस्त करून वाचावं.

कलम दुसरं. पॉलिशचं पिंप. हे पिंप बटणांच्या कारखान्यातलं. कारखाना बंद पडला तेव्हा मुकादमांनी मला हातगाडीवर घालून दिलं. पिंप फिरतं, आतल्या लाकडी गोट्या फाशांना घासतात, चमक येते. ते मुकादमांनाच परत द्यायचं मनात होतं, कारण हल्ली ते नदीतले दगड गोळा करतात आणि त्यांना चमकवायचं म्हणतात. म्हातारपणाचं वेड आहे, पण निरुपद्रवी. मात्र मुकादम ह्या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही मिळत नाही असा नियम आहे म्हणे. तेव्हा पिंप लेकीला, आणि लेकीने मुकादमांना त्यात दगड घालू द्यावेत. हे कायद्याबाहेर सांगते आहे.

कलम तिसरं. पहिला संच. ज्याला फासे म्हणजे जुगार वाटतो त्याच्यासाठी लिहिते, कारण मलाही तसंच वाटलं होतं. नऊ वर्षांपूर्वी लेक सतराची होती. दर रविवारी तिचे चार मित्र-मैत्रिणी स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती बसायचे. दार लोटलेलं, आत खडखडाट, मधेच आरडाओरडा. एका रविवारी मी जादा पाळी करून दमून आले. आतून आवाज आला, "लाव, सगळं लाव!" मी आत शिरले, टेबलावरचे सगळे फासे ओंजळीत घेतले आणि खिडकीतून खाली टाकले. खाली उघडं गटार.

त्यांच्यातला चष्मेवाला म्हणाला, "काकू, आम्ही राक्षसाला मारत होतो."

"पैसे किती लावले होते?"

"पैसे नाही काकू. नुसता राक्षस."

मग कळलं. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीत कोणी चोर होतं, कोणी तिरंदाज, कोणी चेटकीण. घाव लागला की हुकला हे फासा ठरवतो. संचात सात फासे. चार तोंडांचा, सहाचा, आठाचा, दहाचे दोन, बाराचा आणि वीस तोंडांचा. वीसवाल्यावर वीस पडले की ओरडायचं असतं. एक पडला की कपाळाला हात लावायचा असतो. बस. त्यात जुगार नाही. लेक आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मी तेव्हा कारखान्यात बटणं ओतायचे. मुकादमांनी टाकाऊ बटणांच्या कांडीतून सात आकार घासून दिले, आकडे मी कोरले, साचा केला आणि उरलेल्या रेझिनचा संच ओतला. हिरवा, दुधी रेघांचा. दिसायला झकास. टेबलावर ठेवला तर चष्मेवाला हळूच म्हणाला, "काकू, हे वीस, एकोणीस, अठरा, सतरा... सगळे शेजारीशेजारी आहेत."

"मग? आकडे ओळीनेच येतात. शाळेत काय शिकलास?"

तेव्हा त्याने पेन्सिल घेऊन समजावलं. मोठे आकडे सगळीकडे पांगायला हवेत, समोरासमोरच्या दोन तोंडांची बेरीज एकवीस यायला हवी, नाहीतर फासा किंचित एका अंगाला झुकला की मोठेच आकडे पडत राहतात. मी ओळीने कोरले होते, पाढ्यासारखे. त्या पोरांनी तो वीसवाला तरी दोन वर्षं वापरला. त्या दोन वर्षांत त्यांचा एकही राक्षस वाचला नाही.

हा संच चष्मेवाल्याला द्यावा. लेक आता त्याच्याशी लग्न करणार आहे की नाही हे दोघांपैकी एकाने मला मंगळवारच्या आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. संच दोन्ही बाबतीत त्याचाच.

कलम चौथं. अपुरी कामं. सहा संच कपाटात आहेत, चिठ्ठ्या लावलेल्या. निळा-सोनेरी संच निवृत्त मास्तरांचा. हे मास्तर प्रत्येक फासा तीनशे वेळा टाकतात आणि वहीत लिहून मला पाठवतात, "बाई, सहा जरा जास्त येतो." त्यांचा वीसवाला पाठवण्याआधी मिठाच्या पाण्यात तरंगवून बघावा. भांड्यात मीठ विरघळवायचं, फासा वर आला की बोटाने टिचकी मारायची. दर वेळी तेच तोंड वर आलं तर आत बुडबुडा आहे, तो फासा त्यांना पाठवू नये. नाहीतर मी मेल्यावरही त्यांची वही येत राहील.

आता पाचवं.

हे कलम मी आधी वेगळं लिहिलं होतं. त्यात होतं: "माझे सर्व साचे, साचे ज्यांवरून काढले ते मूळ फासे आणि दाबाचं भांडं माझ्या पश्चात फोडून टाकावं, कोणालाही देऊ नये." शुक्रवारी सकाळी हे लिहून कागद टेबलावर ठेवला आणि कामाच्या खोलीची कडी बघायला गेले. हे लिहिताना मी दिवसातून सात-आठ वेळा ती कडी बघून येते. परत आले तर लेक कागद वाचत उभी.

आधी तिचं सांगते. आठ महिन्यांपूर्वी तिच्या मनगटांवर लाल पुरळ आलं. ती म्हणाली साबण. मग तिने उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालायला सुरुवात केली. मी म्हटलं, "ही काय नवीन थेरं?" ती हसली. मी पुढे विचारलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी ती सकाळी उठली तर एक डोळा उघडेना, दुसरा अर्धा. तिला ओढत कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या पाठीवर दहा चौकोनी पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या. नऊ जागा साफ. दहावी, रेझिनची, लालभडक, कोणी थोबाडीत मारल्यासारखी.

डॉक्टर म्हणाल्या, "ह्या मुलीच्या अंगाने रेझिन कायमचं लक्षात ठेवलंय. आता हिने ओल्या रेझिनला हात लावायचा नाही, वासही घ्यायचा नाही."

"किती दिवस?"

"दिवस नाही. आयुष्यभर. पुढच्या वेळी ते डोळ्यांवरच थांबेल असं सांगता येत नाही. घशापर्यंत गेलं तर?"

चार दिवसांनी मी बाजारातून लवकर आले तर मागच्या खोलीत ती. हातमोज्यांचे दोन जोड एकावर एक, तोंडाला फडकं, हातात ओतायचा पेला.

"दोनच साचे होते, आई."

मी पेला हिसकावून घेतला. अर्धं माझ्या पायावर सांडलं. माझ्या पायाला काही झालं नाही. वीस वर्षं बटणं आणि नऊ वर्षं फासे, माझ्या कातडीला ओरखडा नाही. हा कसला न्याय आहे ते मला कळत नाही.

तर शुक्रवारी ती कागद घेऊन उभी.

"साचे फोडणार?"

"हो."

"बरं. मला नवे करायला किती दिवस लागतील? चार?"

"मूळ फासे पण फोडणार."

"मग मूळ फासे नवे कोरीन. ते तर मीच कोरते गेली पाच वर्षं. तू कोरलेले पाढे झाले होते, आई." मग तिचा आवाज चढला. "काय काय फोडशील? दुकानातलं रेझिन फोडशील? मला फक्त हेच येतं. तूच शिकवलंस. तुझ्या मृत्युपत्रात माझे हात तोडायचं कलम टाक, म्हणजे झालं."

"तोंड आवर."

"तू आवर. तू तर मरायची तयारी करून बसलीस. मला जगायचं आहे ना इथे?"

दार आपटून ती गेली. आणि मी तिथेच बसले, कारण पोरीचं म्हणणं बरोबर होतं. मी काही फोडलं तरी तिच्या हातातलं कसब फुटत नाही. मी गेले की दुसऱ्या दिवशी ती ओतायला बसणार. पाच दिवस खाटेवर असले तरी बसणार. माझीच पोर आहे, थांबणं तिच्या रक्तात नाही.

कातडीच्या डॉक्टरांकडे परत गेले, एकटी. विचारलं, "ओलं नाही, पण पूर्ण वाळलेलं? घासायला, रंग भरायला?" त्या विचार करून म्हणाल्या, आठ दिवस पूर्ण वाळलेलं, पाण्याखाली, हातमोजे घालून घासलं तर चालेल. पुरळ आलं तर तेही बंद. म्हणजे ओतणारं माणूस दुसरं हवं. एवढंच. एवढंच म्हणते, पण आणायचं कुठून? मुकादमांचे हात थरथरतात, पेला ओठाशी नेईपर्यंत अर्धा चहा बशीत. चष्मेवाला सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कचेरीत. आणि रेझिन ओतणाऱ्याला एक गोष्ट लागते जी ह्या घरात कोणाकडे नाही. धीर. डबा ए म्हणजे रेझिन आणि डबा बी म्हणजे ते घट्ट करणारं औषध, दोन्ही वजनाने मोजायचे, सावकाश ढवळायचे, जोरात ढवळलं की बुडबुडे. मग उरलेले बुडबुडे हवेच्या जोराने चेपणाऱ्या दाबाच्या भांड्यात ठेवून दिवसभर हात लावायचा नाही.

असं माणूस मला एकच माहीत आहे आणि तिच्याशी मी सहा वर्षं बोललेली नाही.

माझी थोरली बहीण. ताई. दोन गल्ल्या सोडून राहते. तीस वर्षं तिने एका औषधवाल्याच्या दुकानात पुड्या बांधल्या, गुंजभर इकडे नाही की तिकडे नाही. लहानपणापासून मला "घाईबाई" म्हणते. सहा वर्षांपूर्वी ती माझी खोली बघायला आली होती. मी डोळ्याच्या अंदाजाने ओतत होते. ती म्हणाली, "मोजत का नाहीस?" मी म्हटलं, "तुझी पुड्यांची दुकानदारी तुझ्या घरी." ती म्हणाली, "तुझा नवरासुद्धा तुझ्या घाईनेच गेला, त्याला एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाहीस." मी तिला दार दाखवलं. तेव्हापासून रस्त्यात भेटलो की ती त्या कडेने, मी ह्या कडेने.

शनिवारी सकाळी मी तिच्या दारात उभी राहिले. तिने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. मंगळवारी मी जाईन कदाचित."

"मग आत ये. हे दारात सांगायचं नाही."

सगळं सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती. एकदाही मान वर केली नाही. मी संपवलं तेव्हा तिने उरलेली चार पानं निवडली, देठं एका बाजूला केली, हात पुसले. माझा जीव नुसता टांगलेला.

"मला हे काम येत नाही."

"मी शिकवते."

"तू? तू मला सुईत दोरा ओवायला शिकवणार होतीस लहानपणी. माझ्या हातातून सुई घेतलीस आणि स्वतःच ओवलास."

"ताई, चेष्टा नको. पोरीचा घसा सुजला तर..."

"ऐकलं मी. सगळं ऐकलं. तू पाय हलवणं थांबव." मग म्हणाली, "वजनकाटा आहे का घरात?"

आहे. तिनेच आणला होता, सहा वर्षांपूर्वी, त्याच दिवशी. तिला दार दाखवलं तेव्हा तो खोक्यात तसाच राहिला, वर पट्टी चिकटवलेली. रविवारी सकाळी ती घरी आली, माळ्यावरून खोकं काढलं, पर्समधल्या छोट्या कात्रीने पट्टी कापली. एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिने हातमोजे घातले, मास्क लावला, खिडकी उघडली, पंखा बाहेरच्या बाजूला वळवला, आणि ओतायला घेतलं. एक थेंब घालायची, काटा बघायची. मी नऊ मिनिटांत जे करते त्याला तिने एक्केचाळीस मिनिटं घेतली. मी दारात उभी. तीनदा तोंड उघडलं, तीनदा तिने न बघता बोट वर केलं. लेक बाहेर अंगणात पाठ करून बसली होती, सगळं ऐकत होती.

आज सोमवारी सकाळी साचा उघडला. एकही बुडबुडा नाही. वीसवाला नखाने दाबून बघितला, काचेसारखा टणक. नऊ वर्षांत मला असा जमला नव्हता. मला राग आला.

आणि इथे मी ते लिहिते जे तोंडाने कोणाला सांगितलेलं नाही.

कातडीच्या डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या त्या दिवशी लेक कपडे नीट करायला पडद्यामागे गेली तेव्हा मला विचारलं होतं, "कच्चं राहिलेलं रेझिन सगळ्यात वाईट. प्रमाण चुकलं की ते आतून वाळतच नाही. तुम्ही मोजून घालता ना?"

मी म्हटलं, "हो."

मी मोजत नव्हते. माझे निम्मे संच जरा चिकट निघायचे. टाकून देणं जिवावर यायचं. लेकीला म्हणायचे, "घास, घासलं की कोरडं होईल." तिने हातमोजे मागितले तर म्हणायचे, "आकड्याची कड बोटाला कळायला नको? नाजूकपणा पुरे." पाच वर्षं ती माझं कच्चं रेझिन उघड्या हातांनी घासत होती. ती सगळ्यांना सांगते की तिची कातडीच वाईट. तिची कातडी चांगली होती. हे माझ्या अंदाजाने झालं आहे. पाच वर्षं रोज थोडं थोडं.

म्हणून कलम पाचवं, पक्कं. माझे सर्व साचे, मूळ फासे, दाबाचं भांडं आणि डबा ए, डबा बी माझ्या पश्चात माझ्या थोरल्या बहिणीचे. ओतणं फक्त तिने करावं. ओतून झाल्यावर आठ दिवस फासे खोलीतच राहावेत. नवव्या दिवशी ते लेकीकडे द्यावेत, तिने हातमोजे घालून पाण्याखाली घासावेत, कोरलेल्या आकड्यांत रंग भरावेत, नवे नमुने आखावेत. धंदा लेकीचा, नाव लेकीचं. लेकीने त्या खोलीचा उंबरा ओलांडू नये. ताईला काही झालं तर तिने स्वतःच्या जागी मोजणारं माणूस ठेवावं, अंदाजाचं नाही.

दाबाच्या भांड्याबद्दल ताईला एक सूचना. त्याचा काटा कधीकधी शून्यावर अडकतो आणि आत दाब असतोच. झाकणाच्या मळसूत्रांना हात लावण्याआधी बाजूची कळ उघडून फुस्स आवाज संपेपर्यंत थांबावं. मी थांबत नव्हते. तू थांबशील हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

हे पाचवं कलम लिहून झाल्यावर मी कागद लेकीला दिला. मागे सरून उभी राहिले. ती वाचत असताना मला कळेना हात कुठे ठेवायचे.

तिने वर बघितलं. "डॉक्टरांनी असं विचारलं?"

"हो."

"आणि तू हो म्हणालीस."

"हो."

ती मोरीशी गेली, नळ सोडला, हात पाण्याखाली धरून उभी राहिली. बराच वेळ. बाह्या वर सरकवलेल्या. मला पुरळ दिसत होतं, कोपरापर्यंत. मी इतकं जवळून आजच पाहिलं. मी म्हटलं, "खोडून टाकू का ते? वकिलासमोर वाचायला बरं नाही दिसणार."

"खोडू नकोस." नळ बंद केला. "राहू दे तसंच."

एवढंच बोलली. माफ केलं का नाही हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि मंगळवारच्या भीतीने तिच्याकडून ते वदवून घ्यावं इतकी मी अजून पडलेली नाही.

कलम सहावं, आणि शेवटचं. ह्या कलमाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण ते माझ्याविरुद्ध आहे.

मी मेले तर ताई आहे. पण मी जगले तर? दोन महिन्यांनी माझ्या पायात जोर येईल. एखादी ऑर्डर अडलेली असेल, ताई तिकडे एकेक थेंब मोजत असेल, माझं डोकं फिरेल, मी म्हणेन, "सरक, मी ओतते." मग म्हणेन, "अगं लेकी, आजच्या दिवस जरा साचा धर." मी स्वतःला ओळखते. म्हणून हे कलम माझ्या पश्चात नाही, आज सही झाल्यापासून लागू. माझ्या जिवंतपणीही ओतणं मी करणार नाही आणि लेकीला त्या खोलीत बोलावणार नाही. मी रागावले, रडले, उशीर झाला म्हणून ओरडले तरी कोणी ऐकू नये.

कारकुनाला हे फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. जिवंतपणी त्याला नुसता कागद म्हणतात."

म्हटलं, "मग कागद म्हणा. कायद्यात बसत नसेल तर घरात बसवीन."

मागच्या खोलीची कडी काढून आज दुपारी तिथे कुलूप बसवलं. दोन किल्ल्या आल्या. दोन्ही ताईकडे दिल्या. मी मागितली तरी तिने देऊ नये.

वरचं सगळं मी राजीखुशीने, कुठलंही गुंगीचं औषध पोटात नसताना, कारकुनाने टाइप केलेली सुरुवात सोडून बाकी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. जिथे अक्षर हललं आहे तिथे हातच हलला होता, मन नाही. आधी काही लिहिलं असेल तर ते रद्द.

सही: फासेवाली

आमच्यासमोर तिने सही केली, तिच्यासमोर आम्ही केली, आम्हाला ह्यातलं काही मिळणार नाही:

साक्षीदार एक: बटण कारखान्याचे माजी मुकादम. (सही थरथरलेली आहे पण त्यांचीच आहे.)

साक्षीदार दोन: गल्लीच्या टोकाचा कुलूपवाला. कुलूप बसवायला आला होता, सहीसाठी थांबवून घेतला.

ठिकाण: आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: सोमवार, दुपारचे तीन. उद्या सकाळी सातला दाखल.